लाळग्रंथींच्या गाठी आणि सुई-परीक्षणाची ‘अचूकता’ : एक चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक

कानाच्या पाळीखाली किंवा जबड्याच्या खालच्या कडेला एखादी गाठ महिनोन्‌महिने दुखत नाही, खुपत नाही, फक्त हाताला लागते. अशी गाठ घेऊन रुग्ण डॉक्टरांकडे जातो, तेव्हा त्याच्या मनात एकच प्रश्न असतो : ही गाठ साधी आहे की कर्करोगाची? या प्रश्नाचे पहिले उत्तर आज बहुतेक ठिकाणी बारीक सुईने पेशी ओढून घेऊन केलेल्या तपासणीतून, म्हणजे एफएनएसी या नावाने परिचित असलेल्या परीक्षणातून दिले जाते. वैद्यकीय नियतकालिकांतून या परीक्षणाच्या अचूकतेवर गेल्या सहा दशकांत विपुल लेखन झाले आहे. त्यातील बहुसंख्य लेखांचा शेवट एकाच वळणाच्या वाक्याने होतो : हे परीक्षण सोपे, स्वस्त, सुरक्षित आणि अचूक आहे.

पहिल्या तीन विशेषणांविषयी फारसा वाद नाही. चौथ्या विशेषणाची चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लेखक वैद्यक शाखेचा नसून संख्याशास्त्राचा अध्यापक आहे. त्यामुळे काचपट्टीवरील पेशी कशा वाचाव्यात हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. मात्र त्या वाचनातून जी टक्केवारी निर्माण होते, ती कशी तयार झाली आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हा प्रश्न संख्याशास्त्राच्या कक्षेत येतो. शिवाय एका टक्केवारीवर शस्त्रक्रिया करायची की थांबायचे हे ठरत असेल, तर तो प्रश्न केवळ तज्ज्ञांपुरता राहत नाही.

परीक्षणाची पार्श्वभूमी

मानवी शरीरात मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात : कानापुढील पॅरोटिड, जबड्याखालील सबमॅंडिब्युलर आणि जिभेखालील सबलिंग्वल. यांखेरीज तोंडाच्या अस्तरात शेकडो सूक्ष्म लाळग्रंथी विखुरलेल्या असतात. लाळग्रंथींची बहुतेक अर्बुदे पॅरोटिडमध्ये आढळतात आणि त्यांपैकी सुमारे ८० टक्के सौम्य असतात. ग्रंथी जसजशी लहान, तसतसे घातक अर्बुदांचे प्रमाण वाढत जाते. जबड्याखालील ग्रंथीत ते ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असते, तर जिभेखालील ग्रंथीत बहुसंख्य अर्बुदे घातक निघतात. हा उतरता-चढता क्रम पुढील विवेचनात कळीचा ठरणार असल्याने तो आरंभीच नोंदविला आहे.

सुईने पेशी काढून निदान करण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केली. त्यांची सुई आजच्या मानाने जाड होती. आज वापरात असलेल्या बारीक सुईच्या पद्धतीला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेत. फ्रान्झेन, झायिचेक, एनेरोथ प्रभृतींनी १९६० च्या दशकात लाळग्रंथींच्या गाठींवर या पद्धतीचा मोठ्या प्रमाणावर वापर करून निष्कर्ष पडताळले.

लाळग्रंथीच्या बाबतीत ही पद्धत विशेष मोलाची ठरली त्यामागे शरीररचनेचे कारण आहे. चेहऱ्याच्या स्नायूंना हालचाल देणारी नस पॅरोटिड ग्रंथीच्या आरपार जाते. गाठीवर छेद देऊन तुकडा काढावा तर या नसेला इजा होण्याचा आणि अर्बुदाचे आवरण फुटून पेशी आसपास सांडण्याचा धोका असतो. प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा हे सर्वाधिक आढळणारे सौम्य अर्बुद आवरण फुटल्यास पुनःपुन्हा उद्भवते. बारीक सुईने हा धोका जवळजवळ टळतो. ‘सुई टोचली की गाठ पसरते’ ही आपल्याकडे खोलवर रुजलेली भीती बारीक सुईच्या बाबतीत अनुभवाला उतरलेली नाही, हे येथे स्पष्टपणे सांगणे अगत्याचे आहे. अन्यथा प्रस्तुत चिकित्सेचा उपयोग परीक्षण टाळण्याचे निमित्त म्हणून व्हायचा.

‘अचूक’ या शब्दाची अडचण

मराठीत ‘अचूक’ म्हणजे ज्यात चूक नाही ते. एखादे परीक्षण ९३ टक्के अचूक आहे असे आपण म्हणतो तेव्हा भाषेच्या दृष्टीने तो वदतोव्याघात असतो. पण अडचण केवळ भाषेची नाही. मूळ संज्ञाही तितकीच फसवी आहे. एकूण तपासण्यांपैकी किती बरोबर आल्या, एवढेच ती सांगते. कोणत्या बाजूला चूक झाली, हे ती सांगत नाही. साध्या गाठीला कर्करोग म्हणणे आणि कर्करोगाला साधी गाठ म्हणणे या दोन चुका तिच्या लेखी सारख्याच.

म्हणूनच जेकब येरुशाल्मी यांनी १९४७ मध्ये क्ष-किरण चित्रांच्या वाचनाचा अभ्यास करताना दोन स्वतंत्र मापे योजली. आजार असलेल्यांपैकी किती जणांना परीक्षण पकडते, ती संवेदनशीलता. आजार नसलेल्यांपैकी किती जणांना ते निर्दोष ठरवते, ती विशिष्टता. पॅरोटिडच्या गाठींबाबत श्मिट व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ६४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या त्या सामग्रीत घातक अर्बुद ओळखण्याची संवेदनशीलता ८० टक्के आणि विशिष्टता ९७ टक्के आढळली. अभ्यासागणिक निष्कर्षांत मोठी तफावत होती, हेही त्यांनी नोंदविले.

हे आकडे घेऊन एक गणित मांडून पाहू. समजा, पॅरोटिडच्या १००० गाठी आहेत आणि त्यांत २०० घातक आहेत. परीक्षण २०० पैकी १६० पकडील आणि ४० सोडून देईल. उरलेल्या ८०० पैकी ७७६ सौम्य ठरतील आणि २४ जणांवर विनाकारण कर्करोगाचा शिक्का बसेल. एकूण बरोबर निदाने ९३६, म्हणजे ‘अचूकता’ ९३.६ टक्के. आता समजा, एखाद्याने सुईच न लावता सर्व गाठी सौम्य असल्याचे जाहीर केले. त्याची अचूकता ८० टक्के भरेल आणि एकही कर्करोग सापडलेला नसेल! ज्या मापावर काहीही न करणाऱ्याला ८० गुण मिळतात, त्या मापाने परीक्षणाची थोरवी सांगणे कितपत योग्य, याचा विचार झाला पाहिजे.

ग्रंथी बदलते, अर्थ बदलतो

रुग्णाला संवेदनशीलतेशी कर्तव्य नसते. त्याच्या हातात अहवाल असतो आणि ‘गाठ साधी आहे असे लिहिले आहे, ते कितपत खरे?’ हा त्याचा प्रश्न असतो. वरील उदाहरणात ‘सौम्य’ असा अहवाल ८१६ जणांना मिळाला आणि त्यांपैकी ४० जणांना प्रत्यक्षात कर्करोग होता. म्हणजे सुमारे ५ टक्के.

हेच परीक्षण, तितक्याच कौशल्याने, जबड्याखालील १००० अर्बुदांवर केले असे धरू आणि त्यांत घातक अर्बुदे ४०० आहेत असे मानू. आता ३२० पकडली जातील, ८० सुटतील. ६०० पैकी ५८२ सौम्य म्हणून बरोबर ओळखली जातील. एकूण अचूकता ९०.२ टक्के. आधीच्या ९३.६ शी तुलना करता घसरण किरकोळ वाटते. परंतु ‘सौम्य’ अहवाल मिळालेल्या ६६२ जणांत ८० कर्करोगी आहेत, म्हणजे १२ टक्क्यांहून अधिक. पहिल्या ठिकाणी वीस जणांमागे एक, दुसऱ्या ठिकाणी आठ जणांमागे एक. एकाच शब्दाचा अहवाल, एकच प्रयोगशाळा, तरी त्या शब्दावरील विश्वासाची किंमत अडीच पटींनी बदलली.

असे असताना अनेक शोधनिबंधांत ‘लाळग्रंथींच्या गाठी’ या एकाच शीर्षकाखाली सर्व ग्रंथींची बेरीज करून एकच टक्केवारी दिली जाते. ही बेरीज वाचकाला उपयोगी नाही. आपल्याकडे तर जबड्याखालील भागात आणखी गुंतागुंत असते. त्या जागी लसिका गाठीही असतात. त्या क्षयाने सुजतात, तसेच तंबाखूजन्य मुखकर्करोग पसरण्याचे पहिले ठिकाणही बहुधा त्याच असतात. बाहेरून हात लावून लाळग्रंथीची गाठ कोणती आणि लसिका गाठ कोणती हे नेहमीच सांगता येत नाही. क्षयाचे निदान सुईतून झाले तर रुग्णाची शस्त्रक्रिया टळते, औषधांवर भागते. हे या परीक्षणाचे मोठे यश. पण ‘घातक की सौम्य’ या तक्त्यात ते यश दिसतच नाही.

गाळलेल्या काचपट्ट्या

अचूकतेचा तक्ता चार घरांचा असतो. प्रत्यक्षातील अहवाल मात्र चार घरांत मावत नाहीत. काही वेळा सुईतून केवळ रक्त येते, काही वेळा पाण्याच्या गाठीतून नुसता द्रव मिळतो, काही वेळा पेशी मिळतात पण निर्णय होत नाही. अशा नमुन्यांचे काय करावे? अनेक अभ्यासांत ते ‘अपुरे’ म्हणून गाळले जातात आणि उरलेल्यांवर टक्केवारी काढली जाते.

याचा परिणाम पाहा. २०० घातक गाठींपैकी ३० गाठींचा नमुना अपुरा आला असे मानू. उरलेल्या १७० पैकी १३६ ओळखल्या गेल्या, तर संवेदनशीलता ८० टक्के छापली जाईल. पण सुई २०० जणांना टोचली गेली होती आणि निदान १३६ जणांचे झाले. म्हणजे ६८ टक्के. विद्यापीठाच्या परीक्षेत गैरहजर विद्यार्थी वगळून निकाल लावावा, तसाच हा प्रकार होय. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, पण रुग्णाच्या दृष्टीने दुसरा अधिक खरा.

‘संशयास्पद’ अहवालांची स्थिती याहून नाजूक आहे. ते घातकांत मोजले तर संवेदनशीलता वाढते, सौम्यांत मोजले तर विशिष्टता वाढते. लेखकाने कोणता मार्ग पत्करला हे निबंधात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर दोन निबंधांची तुलना निरर्थक ठरते.

पडताळणी कोणाची झाली?

सुईचे निदान बरोबर की चूक, हे शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण गाठीच्या ऊतिपरीक्षणावरून ठरवतात. म्हणजे ज्यांची शस्त्रक्रिया झाली तेच रुग्ण हिशेबात येतात. परंतु शस्त्रक्रिया कोणाची होते? ज्यांच्या अहवालात कर्करोग आहे त्यांची प्रामुख्याने. ज्यांना ‘साधी गाठ’ सांगितले त्यांतील अनेक जण घरी जातात आणि अभ्यासातून अदृश्य होतात.

पॅरोटिडचे मूळ उदाहरण पुन्हा घेऊ. घातक अहवालाच्या सर्व १८४ जणांची शस्त्रक्रिया झाली आणि सौम्य अहवालाच्या ८१६ पैकी निम्म्यांचीच, म्हणजे ४०८ जणांची झाली, असे समजू. निवड यादृच्छिक असेल तर या ४०८ मध्ये २० कर्करोगी आणि ३८८ खरोखर सौम्य असतील. आता प्रसिद्ध होणारी संवेदनशीलता १८० पैकी १६०, म्हणजे ८९ टक्के. विशिष्टता ४१२ पैकी ३८८, म्हणजे ९४ टक्के. परीक्षण तेच, खरी संवेदनशीलता ८० टक्केच. परंतु कागदावर ती नऊ टक्क्यांनी वाढली. बेग आणि ग्रीन्स यांनी १९८३ मध्ये या दोषाचे गणिती विवेचन केले आणि दुरुस्तीची रीतही सुचविली. अर्थात प्रत्यक्षात निवड यादृच्छिक नसते. सौम्य अहवाल असूनही गाठ वेगाने वाढते आहे किंवा चेहरा वाकडा झाला आहे अशा रुग्णांची शस्त्रक्रिया आवर्जून होते आणि त्यामुळे दोषाची मात्रा कमी होऊ शकते. परंतु ती किती कमी झाली हे कळण्यासाठी शस्त्रक्रिया न झालेल्यांचा पाठपुरावा हवा. नेमका तोच बहुतेक निबंधांत नसतो.

लहान नमुन्याचा मुद्दाही येथेच घेणे सोयीचे. लाळग्रंथीची अर्बुदे मुळात विरळ. एका विभागाने दोन-तीन वर्षांत पन्नास रुग्ण जमविले आणि त्यांत दहा कर्करोगी निघाले, पैकी आठ सुईने ओळखले, तर ८० टक्के संवेदनशीलता छापली जाते. या आकड्याचा ९५ टक्के विश्वासांतराळ जवळजवळ ४९ ते ९४ टक्के असतो. दहापैकी दहा ओळखले तरी खालची मर्यादा सत्तरीच्या आसपासच राहते. विश्वासांतराळ न देता दशांश चिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत टक्केवारी देणे हा अचूकतेचा आभास आहे. निदानविषयक अभ्यास कसे लिहावेत याची स्टार्ड ही मार्गदर्शिका २००३ मध्ये आली, २०१५ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात या बहुतेक गोष्टींची मागणी केलेली आहे.

सुई नेमकी कोठे चुकते?

चुका सर्वत्र सारख्या विखुरलेल्या नसतात, ही बाब सरासरी टक्केवारीत हरवते. कमी प्रतीचा म्युकोएपिडर्मॉइड कर्करोग पाण्याने भरलेला असला की सुईत द्रव येतो आणि अहवाल ‘सिस्ट’ असा जातो. अ‍ॅसिनिक सेल कर्करोगाच्या पेशी मूळ ग्रंथीच्या पेशींसारख्या दिसतात. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कर्करोग आणि काही सौम्य अर्बुदे पेशींच्या पातळीवर परस्परांशी इतकी मिळतीजुळती असतात की अनुभवी डोळाही थबकतो. जुन्या प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमाच्या एका कोपऱ्यात कर्करोग उद्भवला असेल आणि सुई दुसऱ्या कोपऱ्यात गेली असेल, तर वाचणाऱ्याचा दोष काय? आणि काही सौम्य-घातक जोड्यांत फरक केवळ आवरण ओलांडले आहे की नाही एवढाच असतो. सुटे पेशीसमूह पाहून हे कळणे तत्त्वतःच अशक्य आहे. ही पद्धतीची सीमा आहे, ती कौशल्याने ओलांडता येत नाही.

निकषही स्थिर नाही. सिक्रिटरी कर्करोग हा प्रकार २०१० मध्ये स्कालोवा व सहकाऱ्यांनी वेगळा काढला. तोपर्यंत तो बहुधा अ‍ॅसिनिक सेल कर्करोगात गणला जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या वर्गीकरणात तो नव्हता, २०१७ च्या वर्गीकरणात आला. म्हणजे १९९० च्या दशकात ‘बरोबर’ ठरलेले काही प्रकारनिदान आजच्या कसोटीला उतरणार नाही. जुन्या-नव्या अभ्यासांची बेरीज करताना हे भान ठेवावे लागते.

मिलान पद्धती : एक स्वागतार्ह वळण

या पार्श्वभूमीवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली मिलान अहवालपद्धती महत्त्वाची वाटते. २०१५ मध्ये मिलान येथे भरलेल्या युरोपीय पेशीविज्ञान परिषदेत तिची कल्पना आकाराला आली. फॅक्विन आणि रॉसी हे तिचे प्रमुख संपादक. ‘घातक की सौम्य’ या द्वंद्वाऐवजी तिने नमुन्यांची वर्गवारी केली आणि प्रत्येक वर्गापुढे कर्करोगाचा संभव लिहिला. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीनुसार तो अपुऱ्या नमुन्यात १५ टक्के, अर्बुद नसलेल्या गाठीत ११, अनिश्चित स्वरूपाच्या पेशींत ३०, सौम्य अर्बुदात ३ पेक्षा कमी, अर्बुद निश्चित पण स्वरूप अनिश्चित असल्यास ३५, संशयास्पद वर्गात ८३ आणि घातक वर्गात ९८ टक्क्यांहून अधिक आहे.

या तक्त्याचे मोठे योगदान असे की, ‘अपुरा नमुना’ म्हणजे ‘काही नाही’ नव्हे, हे त्याने आकड्यात सांगितले. शंभरातील पंधरांना धोका असलेला अहवाल फाईलमध्ये ठेवून रुग्णाने घरी बसू नये. परीक्षण पुन्हा करावे, शक्य तर सोनोग्राफीच्या आधाराने. ‘अर्बुद नाही’ या वर्गातही नऊ जणांमागे एकाला धोका आहे, हे तर अनेकांना चकित करणारे आहे.

तथापि ही पद्धतही चिकित्सेच्या पलीकडे नाही. तिच्यातील संभव पुन्हा मुख्यत्वे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरूनच काढलेले असल्याने ते काही वर्गांत वास्तवाहून चढे असण्याची शक्यता आहे. पहिल्या आवृत्तीत अपुऱ्या नमुन्यापुढे २५ टक्के होते, ते दुसऱ्या आवृत्तीत १५ झाले, यावरून या आकड्यांची लवचिकता ध्यानात यावी. शिवाय पॅरोटिड आणि जबड्याखालील ग्रंथी यांना एकच तक्ता लावल्यास आपण वर मांडलेला आक्षेप येथेही लागू होतो. परक्या देशातील सरासरी जशीच्या तशी उद्‌धृत करण्याऐवजी प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतःचा हिशेब ठेवणे हाच यावरील उपाय होय.

जाड सुईने ऊतीचा बारीक दंडगोल काढण्याची पद्धत हा दुसरा पर्याय. तिच्यावरील एकत्रित विश्लेषणांत संवेदनशीलता नव्वदीच्या पुढे आढळली आहे. तिचा गुण मान्य करूनही तीन गोष्टी विसरता येत नाहीत : अभ्यास तुलनेने थोडे आहेत, पडताळणीचा दोष त्यांनाही लागू आहे, आणि सोनोग्राफी व प्रशिक्षित हात यांशिवाय ती करणे उचित नाही. ज्या तालुक्याच्या गावी सिरिंज, काचपट्टी आणि रंगद्रव्य एवढेच साधन आहे, तेथे बारीक सुईलाच आजही पहिले स्थान राहणार.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, लाळग्रंथींच्या गाठींसाठी सुई-परीक्षण आवश्यक आणि उपकारक आहे; ते टाळावे असे येथील कोणत्याही आकड्यातून सिद्ध होत नाही. दोन, ‘घातक’ या अहवालावर बराच विश्वास ठेवता येतो. ‘सौम्य’ या अहवालावरील विश्वास मात्र ग्रंथीनुसार बदलतो आणि लक्षणे विरोधात असतील तर तो बाजूला ठेवावा लागतो. तीन, एकूण अचूकता हे माप शोधनिबंधांतून मुख्य निष्कर्ष म्हणून मांडले जाऊ नये. चार, अपुरे नमुने, संशयास्पद अहवाल आणि शस्त्रक्रिया न झालेले रुग्ण यांचा हिशेब दिल्याशिवाय असा निबंध पूर्ण मानू नये. परीक्षकांनीही मानू नये.

शेवटचा मुद्दा केवळ वैद्यकापुरता नाही. शोधनिबंधांची संख्या हा आपल्या सर्वांच्याच सेवेतील एक निकष झाला आहे आणि पन्नास रुग्णांचा, एका टक्केवारीचा निबंध हा त्या व्यवस्थेचा सोयीचा घटक आहे. वाङ्मयात असो, समाजशास्त्रात असो वा वैद्यकात, आपल्या अभ्यासातून काय गळले ते सांगणे हा संशोधनाचा धर्म आहे. लाळग्रंथीच्या बाबतीत जे गळते त्याला नाव असते, घर असते आणि ‘साधी गाठ’ या दोन शब्दांवर विसंबून ते परत गेलेले असते.